पाच दिवसांत पारखलेला माणूस

भोपाळ स्टेशनात गाडी थांबली की उतरणाऱ्या गर्दीतली काही मुलं लगेच ओळखू येतात. बारीक कापलेले केस, इस्त्रीचा शर्ट, पायात चकचकीत बूट आणि काखेत मूळ प्रमाणपत्रांची फाइल. लष्कराची बस त्यांना उचलून सिलेक्शन सेंटरला नेते. तिथं कागदपत्रं तपासून झाली की प्रत्येकाला कापडी नंबर मिळतो, तो छातीवर आणि पाठीवर बांधायचा. तिथून पुढं नाव, आडनाव, गाव, वडिलांचा हुद्दा सगळं मागं पडतं आणि मुलगा ‘चेस्ट नंबर’ होऊन राहतो.

सैन्यदलांचे अधिकारी निवडणारं सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्ड, म्हणजे सगळ्यांच्या तोंडची ‘एसएसबी’. लष्कराची अशी केंद्रं प्रयागराज, भोपाळ, बंगळुरू आणि जालंधरला आहेत. हवाई दलाची डेहराडून, म्हैसूर, गांधीनगर, वाराणसी इथं आहेत, नौदलाची वेगळी. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, म्हणजे एनडीएची, लेखी परीक्षा 900 गुणांची आणि एसएसबीही 900 गुणांची. म्हणजे बारावीच्या वयाच्या मुलानं दोन-तीन वर्षं गणित आणि सामान्यज्ञान घोटून जेवढं कमवायचं, तेवढंच या पाच दिवसांच्या हातात. लेखी परीक्षेत वरचा नंबर काढलेली मुलं इथून रिकाम्या हातानं परततात आणि काठावर पास झालेली ‘रेकमेंड’ होऊन वैद्यकीय तपासणीला थांबतात. दर बॅचला हे घडतं, आणि बाहेरच्या माणसाला त्याचं कारण कधीच कळत नाही.

माणसात नेतृत्व आहे की नाही, हे पाच दिवसांत कळतं का? आज बँकांपासून सॉफ्टवेअर कंपन्यांपर्यंत सगळ्यांना हा प्रश्न पडतो. वरिष्ठ पदासाठी माणूस निवडताना त्याला चाचण्या, गटचर्चा, बनावट प्रसंग यांतून काढणारे ‘असेसमेंट सेंटर’ मोठ्या उद्योगांत सर्रास चालतात. पण या सगळ्याचं मूळ घराणं लष्करी आहे आणि आपल्याकडं ते घराणं सर्वांत निष्ठेनं सांभाळलंय ते एसएसबीनं. म्हणून गोष्ट तिथूनच सांगितलेली बरी.

पहिला दिवस चाळणीचा. बुद्धिमापनाचे दोन पेपर आणि एक धूसर चित्र. चित्र तीस सेकंद दिसतं, मग चार मिनिटांत त्यावर गोष्ट लिहायची, ती गटापुढं सांगायची आणि गटानं मिळून एकच गोष्ट ठरवायची. शेवटच्या भागात बहुतेक गटांचा मासळीबाजार होतो. संध्याकाळच्या आत निकाल लागतो आणि निम्म्याहून जास्त मुलं त्याच बसनं परत स्टेशनवर सोडली जातात. ‘स्क्रीन आउट’ झालेल्या मुलांचे घरी जाणारे फोन फार त्रोटक असतात.

जे उरतात त्यांचा दुसरा दिवस मानसशास्त्रज्ञाच्या नावावर. अकरा चित्रं आणि बारावी कोरी पाटी, प्रत्येकीवर चार मिनिटांत गोष्ट. मग साठ शब्द, एकेक पंधरा सेकंद, मनात येईल ते वाक्य लिहायचं. मग साठ प्रसंग आणि अर्धा तास: जंगलातून जाताना साप चावला, परीक्षेला निघालास आणि रस्त्यात अपघात दिसला, काय करशील? शेवटी स्वतःबद्दल पाच परिच्छेद. आईवडील तुझ्याबद्दल काय म्हणतील, शिक्षक काय म्हणतील, मित्र काय म्हणतील, तुला स्वतःला काय वाटतं आणि तुला पुढं काय व्हायचंय. या कागदांवरून जो माणसाचं मन वाचतो, तो मानसशास्त्रज्ञ त्या मुलाशी समोरासमोर बोललेलाही नसतो. त्याच्यापुढं फक्त हस्ताक्षर.

मग मुलाखत आणि मैदान. बोर्डाचं तत्त्व तिथले लोक आपल्याच जुन्या तीन शब्दांत सांगतात: मनसा, वाचा, कर्मणा. मन मानसशास्त्रज्ञानं बघायचं, वाणी मुलाखतकारानं आणि कर्म मैदानावरच्या ग्रुप टेस्टिंग ऑफिसरनं, म्हणजे जीटीओनं. तिघंही एकाच पंधरा गुणांच्या यादीवर मोजतात. त्यात तर्कशक्ती आहे, सहकार्य आहे, जबाबदारीची जाणीव आहे, पुढाकार आहे, निर्णयाचा वेग आहे, धैर्य आहे, दमसास आहे. आणि तिघांनी शेवटच्या दिवसापर्यंत एकमेकांशी उमेदवाराबद्दल बोलायचं नाही, हा नियम.

मैदानावरचा एक प्रकार नीट बघण्यासारखा आहे. आठ-दहा मुलांचा गट. समोर जमिनीवर आखलेली सुरुवातीची रेघ, पलीकडं शेवटची. मधली जमीन निषिद्ध, तिच्यावर पाय पडता कामा नये. मध्ये खांब, चौकटी, ड्रम उभे. पांढऱ्या रंगाचं वापरता येतं, लाल रंगाला हातही लावायचा नाही. मदतीला एक लाकडी फळी, एक बल्ली म्हणजे लाकडी वासा, एक दोर. सोबत एक ओझं, तेही पलीकडं न्यायचं. गटाला नेता नेमलेला नाही. जीटीओ नियम सांगतो, घड्याळ लावतो आणि बाजूला जाऊन उभा राहतो.

पहिल्या मिनिटात दोघं-तिघं फळीवर झडप घालतात. फळी ज्याच्या हातात तो नेता, अशी त्यांची समजूत असते. एक जण मोठ्यानं कल्पना सांगतो, ती चुकीची निघते, फळी लाल पट्ट्याला टेकते, शिट्टी वाजते, परत मागं. मागं उभा असलेला एखादा मुलगा हळूच म्हणतो, फळी पुढच्या ड्रमपर्यंत पोचत नाही, पण बल्लीला बांधली तर पोचेल. त्याचं कोणी ऐकतं, कोणी नाही. बांधायला दोर कोण धरतो? ओझं मागं राहिलंय हे कोणाच्या लक्षात येतं? पलीकडं पोचल्यावर कोण मागं वळून हात देतो, आणि कोण पुढच्या अडथळ्याकडं बघत राहतो? जीटीओच्या नोंदवहीत जातं ते हे. अडथळा पार झाला की नाही, याला तुलनेनं कमी किंमत असते. अनेक गट तो वेळेत पार करतच नाहीत.

मला त्यातला सर्वांत हुशार भाग वाटतो तो ‘कमांड टास्क’. इथं एका मुलाला नेता करतात आणि गटातले दोन सहकारी निवडायला सांगतात. प्रत्येकाची पाळी येते. दोन दिवस एकत्र घाम गाळलेली मुलं आपल्या पाळीला कोणाला हाक मारतात, यावरून कोण कामाचा आहे ते गट स्वतःच सांगून टाकतो. जो सारखा निवडला जातो त्याच्याबद्दल जीटीओला वेगळं लिहायला लागत नाही.

पाचव्या दिवशी ‘कॉन्फरन्स’. सगळं मंडळ अर्धवर्तुळात बसतं आणि एकेक चेस्ट नंबर आत जातो. कोणी दोन मिनिटांत बाहेर येतो, कोणी दहा मिनिटं आत. त्या वेळेवरून बाहेरची मुलं अंदाज बांधतात आणि ते अंदाज बहुतेक चुकतात. दुपारी निवडलेले नंबर वाचून दाखवतात. बाकीच्यांना एक अधिकारी सगळ्यांना मिळून चार शब्द सांगतो, हिंमत हरू नका, पुन्हा या. पहिल्यांदा आलेल्यांना रेल्वेचं भाडं मिळतं. एवढंच.

ही पद्धत आपली नाही. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीला एक लाख माणसांच्या सैन्याची मर्यादा घातली गेली, त्यात अधिकारी फक्त चार हजार. एवढ्या थोड्या जागा, तर माणसं पारखूनच घ्यायला हवीत, या विचारानं तिथं लष्करी मानसशास्त्र फोफावलं. माक्स सिमोनाइट हे त्यातलं मोठं नाव. दोन-तीन दिवसांच्या त्यांच्या परीक्षेत उमेदवाराला स्प्रिंग ओढायला लावायचे, तिच्यातून वाढता वीजप्रवाह सोडायचे आणि त्याचा चेहरा कॅमेऱ्यात टिपायचे. चेहऱ्यावरून इच्छाशक्ती कळते, असा समज. दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन भरात, 1942 मध्ये, जर्मन सैन्यानं हा मानसशास्त्राचा विभागच गुंडाळला.

त्याच वर्षी ब्रिटिशांनी ही पद्धत उचलली, पण आपल्या कारणासाठी. त्यांच्याकडं अधिकारी निवडण्याची रीत म्हणजे मुलाखत, आणि मुलाखतीत बोलायचं ते उमेदवार कोणत्या शाळेत शिकला आणि कोणता खेळ खेळला याबद्दल. उच्चभ्रू शाळांतली मुलं संपली आणि प्रशिक्षणातून नापास होऊन परत येणाऱ्यांची संख्या वाढली. तेव्हा लष्कराचे अ‍ॅडज्युटंट जनरल रोनाल्ड अ‍ॅडम यांनी एडिंबरोमध्ये वॉर ऑफिस सिलेक्शन बोर्ड उभं केलं. तिथं मानसोपचारतज्ज्ञ विल्फ्रेड बायन यांनी नेताहीन गटाची कल्पना रुजवली: माणसांना काम द्या, नेता नेमू नका आणि स्वतःची छाप पाडण्याची ओढ आणि गटाचं भलं यांत माणूस कसा तोल राखतो ते बघा. ही नजर आजही एसएसबीच्या मैदानावर जशीच्या तशी आहे. 1943 मध्ये डेहराडूनला भारतातलं पहिलं असं प्रायोगिक मंडळ बसलं. स्वातंत्र्यानंतर, 1949 मध्ये, संशोधनाची स्वतंत्र शाखा निघाली. ती पुढं दिल्लीतली डिफेन्स इन्स्टिट्यूट ऑफ सायकॉलॉजिकल रिसर्च झाली.

अमेरिकेची तऱ्हा जरा गंमतीदार. तिथल्या गुप्तहेर संघटनेसाठी, ओएसएससाठी, हेन्री मरी यांनी 1943 च्या अखेरीस व्हर्जिनियात एक केंद्र काढलं. उमेदवारानं लाकडी खांब आणि ठोकळे जोडून एक सांगाडा दहा मिनिटांत उभा करायचा. मदतीला दोन माणसं, किप्पी आणि बस्टर. दोघं केंद्राचीच माणसं. किप्पी सुस्त, सांगितल्याशिवाय हलणार नाही. बस्टर तोंडाळ, प्रत्येक गोष्टीला खोट काढणार, उमेदवाराला टोमणे मारणार. तो सांगाडा वेळेत कोणालाच पुरा करता आला नाही आणि कोणी करावा अशी अपेक्षाही नव्हती. सरकारी कार्यालयात ज्यांनी काही वर्षं काढली आहेत, त्यांना किप्पी आणि बस्टर यांची वेगळी ओळख करून द्यायला नको.

या सगळ्याला पहिला खरा धक्का दिला तो इस्रायलच्या सैन्यातल्या एका तरुण लेफ्टनंटनं. डॅनियल कानेमान, पुढं 2002 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणारे. ब्रिटिशांकडून घेतलेलीच पद्धत तिथं होती: आठ अनोळखी उमेदवार, खांद्यावरची चिन्हं काढलेली, अंगावर नंबर, एक लांब लाकडी ओंडका आणि सुमारे सहा फुटांची भिंत. ओंडका भिंतीला किंवा जमिनीला टेकू न देता सगळ्यांनी पलीकडं जायचं. बघणाऱ्यांना कोण जन्मजात पुढारी आणि कोण भित्रा हे लख्ख दिसायचं, आणि ते ठामपणे गुण द्यायचे. पण दर काही महिन्यांनी अधिकारी प्रशिक्षण शाळेकडून त्याच मुलांचे निकाल यायचे. ताडून पाहिलं की यांचं भाकीत डोळे मिटून केलेल्या अंदाजापेक्षा थोडंसंच बरं निघायचं. दुसऱ्या दिवशी नवी बॅच यायची आणि सगळे पुन्हा तितक्याच आत्मविश्वासानं गुण द्यायला बसायचे. कानेमान यांना या गोष्टीचं आयुष्यभर नवल वाटत राहिलं. आपल्याला स्पष्ट दिसतंय म्हणजे ते बरोबरच आहे, या भ्रमावर त्यांनी पुढं पुष्कळ लिहिलं.

त्यांनी उपायही केला. सैन्यात नव्यानं भरती होणाऱ्यांना लढाऊ तुकड्यांत नेमताना घेतल्या जाणाऱ्या मुलाखतीचा आराखडा त्यांनी बदलला. त्यांचं वय तेव्हा 21 होतं. मुलाखतकारानं एकूण छाप पडू द्यायची नाही. सहा गुण एकेक करून घ्यायचे, प्रत्येकासाठी उमेदवारानं आजवर प्रत्यक्ष काय केलं ते विचारायचं, त्या गुणाला आकडा द्यायचा आणि मगच पुढच्याकडं जायचं. मुलाखतकार वैतागले, आम्हाला यंत्रं करून टाकताय म्हणाले. त्यांची समजूत काढायला कानेमान यांनी शेवटी एक सूट दिली: सहा आकडे झाले की डोळे मिटा आणि मनात येईल तो सातवा आकडा लिहा. नवी पद्धत जुनीपेक्षा पुष्कळ चांगली ठरली. आणि गंमत म्हणजे तो सातवा, डोळे मिटून दिलेला आकडाही कामाचा निघाला. पण आधी सहा शिस्तीत दिले होते म्हणून.

एसएसबीच्या बाजूनं याचा एक अर्थ लावता येतो. पंधरा गुण वेगवेगळे मोजायचे, तिघांनी एकमेकांना न विचारता मोजायचे आणि मग एकत्र बसायचं, ही रचना कानेमान यांच्या उपायाच्या जवळ जाते. मैदानावरच्या ओंडक्यावर सगळा भार टाकला तर ती फसते.

उद्योगांच्या जगात ही पद्धत नेणाऱ्यांनी भाकितं ताडून पाहण्याच्या बाबतीत एक शहाणपण दाखवलं. अमेरिकन टेलिफोन कंपनी एटी अँड टीमध्ये मानसशास्त्रज्ञ डग्लस ब्रे यांनी 1956 पासून 422 तरुण व्यवस्थापकांची साडेतीन दिवसांची परीक्षा घेतली. गटचर्चा, मुलाखत आणि ‘इन-बास्केट’: साहेबाच्या टेबलावर साठलेली पत्रं, तक्रारी, निरोप यांचा गठ्ठा, तीन तासांत निकाली काढा. सगळ्यांचे गुण दिले आणि मग कागद कुलूपबंद केले. कंपनीतल्या कोणालाही ते दाखवले नाहीत, म्हणून त्या गुणांमुळं कोणाला बढती मिळाली वा नाकारली असं झालं नाही. आठेक वर्षांनी उघडून पाहिलं. मधल्या पातळीवर पोचलेल्यांपैकी सुमारे 78 टक्के लोकांबद्दलचं भाकीत खरं ठरलं होतं. खालच्याच पायरीवर राहिलेल्यांपैकी सुमारे 95 टक्के लोक मागं राहतील असंही आधीच लिहिलेलं होतं. आज जगभर चालणारी असेसमेंट सेंटर याच पुराव्याच्या जोरावर उभी राहिली.

लष्कराला असा प्रयोग करता येणार नाही, कारण नाकारलेल्या मुलाला अधिकारी करून कोणी बघणार नाही. नाकारलेल्यांतले किती जण चांगले अधिकारी झाले असते, हे कायमचं अंधारात राहतं. इकडं अधिकाऱ्यांच्या हजारो जागा वर्षानुवर्षं रिकाम्या आहेत आणि लष्कर पट्टी खाली आणायला तयार नाही. यात मी लष्कराच्या बाजूचा आहे. चुकीचा अधिकारी तीस माणसांच्या जिवाशी खेळतो. रिकामी जागा फक्त काम वाढवते.

माझी तक्रार वेगळी आहे. पाच दिवस तीन जाणती माणसं एका अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाकडं इतक्या बारकाईनं बघतात, जितकं त्याच्या शाळेनं, कॉलेजनं आणि बहुतेकदा घरच्यांनीही कधी बघितलेलं नसतं. तो फळीवर झडप घालतो की दोर धरतो, हे लिहून ठेवतात. आणि तो ‘कॉन्फरन्स आउट’ झाला की त्यातलं एक अक्षर त्याला सांगत नाहीत. मुलगा घरी येतो, सहा महिन्यांनी पुन्हा अर्ज करतो आणि मधल्या काळात कोचिंगवाल्याकडं जातो. तिथं त्याला चित्रावरची छापील गोष्ट पाठ करवतात, साठ शब्दांची साठ सकारात्मक वाक्यं घोटून घेतात. बोर्डाला ती लगेच ओळखू येतात आणि तो पुन्हा बाहेर पडतो. दहा-दहा वेळा जाऊन आलेली मुलं आहेत. नेमकं काय कमी पडलं, हे त्यातल्या एकालाही माहीत नसतं. प्रत्येकाजवळ आपापला तर्क आहे, एवढंच.

मोजलेलं त्या माणसाला सांगायलाही हवं, हा धडा उद्योगांना पूर्वीच मिळाला. 1974 च्या सुमारास अहमदाबादच्या आयआयएममधले उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांना मुंबईच्या लार्सन अँड टुब्रोनं आपली मूल्यमापनाची पद्धत तपासायला बोलावलं. त्यांनी नुसता नवा फॉर्म करून दिला नाही. गेल्या वर्षीचं काम मोजणं वेगळं, पुढच्या पदाची कुवत मोजणं वेगळं आणि माणसाशी बसून त्याबद्दल बोलणं हे मूल्यमापनाचंच अंग, असं त्यांनी मांडलं. पुढच्याच वर्षी तिथं मनुष्यबळ विकासाचा स्वतंत्र विभाग निघाला, देशातला पहिला. राव यांनी नंतर वरिष्ठ, सहकारी आणि हाताखालचे अशा चहूबाजूंनी मत घेणारी 360 अंशांची पद्धत भारतात रुजवली. ती जिथं माणसाच्या हातात त्याचा स्वतःचा आरसा म्हणून दिली जाते तिथं टिकते. पगारवाढीला जोडली की दुसऱ्या वर्षी सगळेच सगळ्यांना छान म्हणू लागतात. मोठ्या कार्यालयांतल्या कोणाही माणसाला विचारा, तो हसून मान डोलावील.

सांगणं म्हणजे काहीही सांगणं नव्हे, हेही खरं. क्लुगर आणि डनिसी या दोन संशोधकांनी 1996 मध्ये अभिप्रायावरचे शेकडो प्रयोग एकत्र ताडून पाहिले. सरासरीनं फायदा दिसला, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा अभिप्राय मिळाल्यावर काम उलट बिघडलं होतं. लक्ष कामावरून उडून स्वतःच्या लायकीकडं गेलं की माणूस खचतो किंवा चिडतो, असा त्यांचा निष्कर्ष. म्हणजे ‘तुझ्यात पुढाकार कमी आहे’ असा शेरा टपालानं पाठवून काही साधणार नाही. ‘दुसऱ्या अडथळ्यावर तुला उपाय सुचला होता, तू तो एकदाच हळू बोललास आणि कोणी ऐकलं नाही तेव्हा गप्प बसलास’ हे सांगितलं, तर मुलगा घरी जाऊन त्यावर काही करू शकेल.

बोर्डाचे आक्षेप मला ठाऊक आहेत. सांगितलेला प्रत्येक शब्द चार दिवसांत कोचिंगच्या नोट्समध्ये जाईल. कोणी न्यायालयात जाईल. हजारो उमेदवार, मोजके अधिकारी, वेळ कुठून आणायचा? पहिला आक्षेप मला पटत नाही. कोचिंगवाले आज अंधारातच धंदा करतात; उजेड आला तर त्यांची पाठांतरं अधिक निरुपयोगी ठरतील, कारण ज्या मुलाला मैदानावरची स्वतःची वागणूक कळली, त्याला दुसऱ्याची गोष्ट पाठ करायची गरज उरत नाही. वेळेचा आक्षेप खरा आहे. पण कॉन्फरन्सपर्यंत पोचलेली मुलं मूळ बॅचच्या निम्मीही नसतात आणि त्यांच्याबद्दलच्या नोंदी आधीच लिहिलेल्या असतात.

महाराष्ट्राला याची सुरुवात आपल्या घरातून करता येईल. राज्य सरकारनं 1977 मध्ये औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, सैनिकी सेवा पूर्वतयारी संस्था काढली, ती मुलांना दहावीनंतर मोफत घेते. नाशिकमध्ये मुलींसाठीही तशी संस्था सुरू झाली आहे, आणि नाशिक रोडला एसएसबीची बोलावणी आलेल्यांसाठी मोफत प्रशिक्षण केंद्र आहे. एनडीएचे दरवाजे मुलींना 2022 मध्ये उघडले. मे 2025 मध्ये खडकवासल्याहून 17 मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. म्हणजे गावोगावच्या मुलींची आता भोपाळ-बंगळुरूच्या फेऱ्यांत भर पडणार. या संस्थांकडं मैदान आहे, फळ्या आहेत, निवृत्त अधिकारी आहेत. त्यांनी सराव घेताना प्रत्येक मुलाला, मुलीला, त्या दिवशी त्यांनी काय केलं ते नावानिशी लिहून द्यावं. पाठ करायची वाक्यं देऊ नयेत.

आणि संरक्षण मंत्रालयानं, निदान कॉन्फरन्सपर्यंत पोचलेल्या उमेदवारांना, अर्ध्या पानाचं एक पत्र पाठवावं. गुण नकोत, कारणं नकोत, तुलना नको. पाच दिवसांत तुझ्यातलं काय चांगलं दिसलं आणि कोणत्या दोन प्रसंगी तू मागं राहिलास, एवढंच. ज्या वाचकांच्या घरातलं मूल यंदा पहिल्यांदा निघालंय, त्यांना एक विनंती: परत आल्यावर निकालाआधी मैदानावर काय झालं ते विचारा, आणि त्याच रात्री लिहून ठेवायला सांगा. तोवर ते पत्र घरातूनच द्यावं लागेल.